नकाशात राहिलेली विहीर

निवृत्त झाल्यावर मी भजनी मंडळात जाईन, पापड लाटीन, असं आमच्या गल्लीला वाटत होतं. मी लोकांचे रिसर्च पेपर दुरुस्त करत बसले. शिरूरपासून दौंडपर्यंतच्या कॉलेजांत शिकवणारी जी तरुण माणसं आहेत, त्यांना विषय येतो आणि इंग्रजी येत नाही. नोकरी टिकवायची तर पेपर इंग्रजीतच छापून यावा लागतो. कुणी उसावरच्या किडीवर काम करतं, कुणी खारवट झालेल्या मातीवर, कुणी भीमेच्या पाण्यावर. काम चांगलं असतं. पण पेपर परदेशी पाठवला की उत्तर येतं, एखाद्या नेटिव्ह स्पीकरकडून भाषा तपासून घ्या. असा माणूस शिरूरच्या बाजारात कुठल्या गाळ्यात मिळतो ते काही त्यात लिहिलेलं नसतं. मग ते माझ्याकडे येतात. मी जन्मात कधी विमानात बसलेली नाही, पण चाळीसभर वर्षं इंग्रजी शिकवलंय, तेव्हा वासरांत लंगडी गाय शहाणी.

माझी एक रीत आहे. आल्या आल्या लॅपटॉप उघडायचा नाही. स्वयंपाकघरात बसायचं, चहा घ्यायचा आणि काय शोधलं ते मला मराठीत सांगायचं, शेजारणीला सांगतो तसं. मी भाजी निवडत ऐकते. फोन ओट्यावर रेकॉर्डिंगला लावून ठेवते, कारण माझ्या स्मरणशक्तीवर आता माझाच भरवसा नाही. जे मराठीत सांगता येत नाही ते त्या माणसाला कळलेलंच नसतं, हा माझा अनुभव. कितीतरी पेपर माझ्या ओट्यापाशीच गतप्राण झाले आहेत. अलीकडे मुलं फोनकडूनच इंग्रजी लिहून आणतात. ते मेण लावलेल्या सफरचंदासारखं गुळगुळीत असतं. मी म्हणते, ते राहू दे बाजूला, तू बोल.

तिला मात्र बोल म्हणावं लागलं नाही. तिला थांब म्हणावं लागायचं.

ती शिरूरचीच. तिच्या अब्बांचं गाद्यांचं दुकान आहे, कापूस पिंजून गाद्या, उशा भरून देतात. आमच्या घरातल्या सगळ्या गाद्या त्यांच्या हातच्या. ती त्या घरातली पहिली शिकलेली मुलगी. दौंडकडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची, तासाप्रमाणे पगार, सुट्टीत तोही नाही. सकाळच्या एसटीनं न्हावऱ्यावरून जायची आणि दुपारी तास संपले की खुटबावच्या आसपासच्या शेतांत हिंडायची. कारण तिचा विषय होता घुबडं.

गव्हाणी घुबड जुन्या विहिरींत राहतं, हे मला तिच्यामुळे कळलं. मोटेच्या काळातल्या दगडी विहिरी, ज्यांच्या कपारी अजून शाबूत आहेत, त्यांत ते अंडी घालतं. रात्री उसात उंदीर धरतं, सबंध गिळतं आणि न पचलेली हाडं आणि केस यांची गोळी करून ओकून टाकतं. ती विहिरीत उतरून त्या गोळ्या गोळा करायची, घरी आणून पाण्यात भिजवायची, त्यातली उंदरांची इवली जबडी चिमट्यानं वेगळी करून गच्चीवर वाळवायची. त्यावरून घुबडांचं एक जोडपं किती उंदीर खातं ते कळतं. आता सगळे बोअर घेतात आणि जुन्या विहिरी राडारोडा टाकून बुजवतात. विहीर बुजली की घुबड जातं, घुबड गेलं की उसात उंदीर माजतात, असं तिचं म्हणणं. साधं, आणि कुणी अजून मोजून दाखवलेलं नाही.

"आमची अम्मी म्हणते, लोकांच्या पोरी गच्चीवर कुरडया घालतात," ती हसत सांगायची. कुकरची शिट्टी झाली की तिचं बोलणं तुटायचं, आणि शिट्टी थांबली की ती विचारायची, "मॅडम, ऐकताय ना?" दर चार वाक्यांनी तिचं हे असायचं. मला त्याचा राग यायचा. मी म्हणायचे, "ऐकतेय गं बाई, मेथी निवडतेय म्हणून बहिरी झाले का?"

पेपर आम्ही पुरा केला आणि एका परदेशी जर्नलला पाठवला. तिच्या घरी नेट नीट चालत नसे म्हणून तिचं मेलचं आणि जर्नलचं खातं माझ्याच कॉम्प्युटरवर उघडलं होतं. पाठवा म्हणून बटण दाबताना तिनं बिस्मिल्ला म्हटलं आणि मी देवाकडे बघितलं. मग पावसाळ्यात तिला ताप आला. तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याच्या आत ती गेली. पुण्याला नेलं होतं, काही उपयोग झाला नाही.

मी तिच्या घरी जाऊन आले. बायकांच्यात बसले, उठून आले.

त्यानंतर एक दिवस मी दुसऱ्याच कुणाच्या तरी सोयाबीनच्या पेपरचं रेकॉर्डिंग ऐकत पोळ्या करत होते. ते संपलं. फोनची सवय अशी की एक संपलं की तो आपणहून पुढचं लावतो. माझे हात पिठात होते. आणि ओट्यावरून तिचा आवाज आला, "कपारीत पहिलं काय दिसतं माहितेय, डोळे नाही दिसत. पांढरा चेहरा दिसतो. मॅडम, ऐकताय ना?"

मी ऐकतेय म्हणाले. तोंडातून निघून गेलं. तव्यावरची पोळी करपली आणि मी तशीच उभी राहिले. मला भीती वाटली, हे मी लपवत नाही. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पण विश्वास नसला म्हणून भीती वाटायची थांबत नाही.

पुढे हे नेहमीचं झालं. बंद करणं सोपं होतं, फोनमध्ये दोन ठिकाणी बोट लावायचं. मी बंद केलं नाही.

मेल यायला लागल्या त्याच सुमाराला. त्या जर्नलच्या यंत्राला ती गेल्याचं ठाऊक नव्हतं. ते तिच्या नावानं लिहायचं. प्रिय डॉक्टर अमुक, तुमच्या लेखावर तज्ज्ञांचे अभिप्राय आले आहेत. मग, प्रिय डॉक्टर अमुक, तुमच्या उत्तराची आम्ही वाट पाहत आहोत. ती डॉक्टर झालेली नव्हती, त्या लोकांनीच तिला केलं होतं. मी खातं उघडलं की पडद्यावर तिचं स्वागत व्हायचं, नावानिशी. आणि खुर्चीत मी.

तिचे अब्बा एका दुपारी घरी आले. आमच्या सोफ्यावर न बसता दाराजवळच्या स्टुलावर बसले. गाद्या पोचवायला आले की तिथंच बसायची त्यांची सवय.

"बाई, एक विचारू का?" ते म्हणाले. "ती त्या विहिरीत उतरली म्हणून झालं, असं बोलत्यात लोक. खुटबावकडं एक विहीर हाय म्हणं, वाईट. तिथली हाडं तिनं आमच्या गच्चीवर आणली. घुबडाची वळख ठेवू नये म्हंत्यात. तुम्ही शिकलेल्या हायेत. खरं सांगा."

"ताप डासानं आला भाई. विहिरीनं नाही आला."

"मला म्हाईत हाय. डॉक्टरनं बी सांगितलं." ते टोपी काढून मांडीवर ठेवून म्हणाले, "दिवसा म्हाईत असतं. रातीला म्हाईत राहत न्हाई."

घुबडाला दगड मारला तर ते तो दगड झिजवतं आणि तसा माणूस झिजतो, हे मी लहानपणी ऐकलंय. ज्यांनी कधी दगड मारला नाही त्यांच्याबद्दल काही ऐकलेलं नाही. मला लोकांचा संताप आला. आपल्या मुलीनं घरात काहीतरी अभद्र आणलं का, हा किडा त्या माणसाच्या डोक्यात सोडून लोक आपापल्या घरी जेवायला गेले होते.

मी त्यांना सांगितलं की तिचा पेपर अजून जिवंत आहे, अभिप्राय आलेत, उत्तरं द्यायची आहेत.

"मंग तो छापून यूं द्या. तिच्या नावानं," ते म्हणाले. "ती काय करत होती त्ये मी लोकांपुढं ठेवीन. आन् बाई, तुम्ही लई चांगलं लिहिता म्हणं. पन ती बोलती तसं राहू द्या त्यात. उगं तुमचंच नको."

माझ्याकडे तिचं बोलणं रेकॉर्ड केलेलं आहे, ऐकवू का, असं मी विचारलं. ते एकदम उठले.

"आवाज नको," म्हणाले. "आवाज आला तर मी दार उघडाया उठंन."

ते गेल्यावर मी तिचा पेपर पुन्हा वाचायला घेतला. त्यात ती कुठेच नव्हती. शास्त्राच्या इंग्रजीत माणूस काही करत नाही. गोष्टी केल्या जातात. गोळ्या गोळा केल्या गेल्या, जबडी वाळवली गेली, निरीक्षण करण्यात आलं. कोण उतरलं विहिरीत? कुणीच नाही. आपोआप झालं सगळं, भुताटकी झाल्यासारखं. जन्मभर मी पोरांना हेच शिकवत आले आणि त्याबद्दल मार्क दिले. ती म्हणाली होती, पांढरा चेहरा दिसतो. मी लिहिलं होतं, पक्ष्याच्या उपस्थितीची नोंद घेण्यात आली. वाईट इंग्रजी नव्हतं ते. छापण्याजोगं होतं. पण आता त्या बापाला हा कागद देऊन त्यात तुमची मुलगी आहे असं मी कुठल्या तोंडानं सांगणार होते?

अभिप्राय दोघांचे होते. पहिल्यानं किरकोळ काढलं होतं. दुसरा चिकित्सक होता. त्यानं नकाशातले ठिपके आणि तक्त्यातल्या ओळी ताडून पाहिल्या होत्या. नकाशात एक विहीर जास्त आहे, तक्त्यात ती नाही, असं का, असं त्यानं विचारलं होतं. तिची माहिती द्या, नाहीतर ती का वगळली ते पटेल असं सांगा. सोयीचे आकडे ठेवून गैरसोयीचे काढले असतील तर हा लेख स्वीकारता येणार नाही. भाषा सभ्य होती. अर्थ असा की तुम्ही चोर आहात का ते सांगा.

मी तिच्या पीएच.डी.च्या गाइडना फोन केला. ते पुण्याला असतात, पेपरवर दुसरं नाव त्यांचं. भले आहेत, घाईत असतात.

"मॅडम, काही विशेष नाही," ते म्हणाले. "विहीर अनअ‍ॅक्सेसिबल होती असं लिहा आणि मोकळ्या व्हा. किंवा तो ठिपकाच काढून टाका. आणि हो, ती गेल्याचं आत्ता कळवू नका. फॉर्म्स वगैरे फार वाढतं. तिच्याच नावानं उत्तर देऊन टाका. इतके दिवस तुम्हीच तर लिहिताय."

ते खरं होतं. इतके दिवस मीच लिहीत होते. आमच्याकडे एखाद्या बाईच्या अंगात येतं तेव्हा ती 'मी आलेय' म्हणते, आणि तो मी तिचा नसतो. माझा धंदा त्याहून फार निराळा आहे असं मला त्या दिवशी वाटेना. पण अंगात आलेल्या बाईला निदान कुणीतरी विचारतं, कोण आहेस तू?

मी रेकॉर्डिंगं ऐकायला बसले. फोननं लावली म्हणून नाही, मी लावली म्हणून. दिवसा, खिडक्या उघड्या टाकून. तिची बडबड, कुकर, माझं मध्येच ओरडणं, रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीचा हॉर्न. एका ठिकाणी तिनं विहिरीत केलेलं रेकॉर्डिंग मला ऐकवलं होतं, तेही त्यात होतं. घुबडाची पिल्लं घुमत नाहीत, फुत्कारतात. माझ्या स्वयंपाकघरात तिचा आवाज, तिच्या आवाजात विहीर आणि विहिरीत ते फुत्कारणं. आमची मांजर उठून बाहेर गेली.

आणि मग ते सापडलं. मी बहुधा फोडणीत होते तेव्हा, कारण मागे मोहरी तडतडतेय.

"ती विहीर तक्त्यातून काढली मी, मॅडम. सगळ्यात जास्त गोळ्या तिथंच होत्या. पण विहिरीचे मालक आहेत ना, ते आबा म्हणाले, तिथं त्यांची सून गेली. उडी टाकून. मला माहीतच नव्हतं, मी आपली दोरानं उतरले. आबा म्हणाले, बाई, या विहिरीतनं हाडं न्यायची न्हाईत. मी म्हटलं, उंदराची आहेत. ते म्हणाले, मला ठावं हाय, गावाला न्हाई. तिचीच हाडं बाई उपसून नेती म्हणतील. मग मी नेली परत. सगळी. जबडी मोजून वेगळी केली होती, तीसुद्धा. ठेवून आले विहिरीत. आता तिचं काही नाही माझ्याकडे. मॅडम, ऐकताय ना?"

त्यावर माझा आवाज येतो, "हं."

तक्त्यातली ओळ तिनं खोडली. नकाशा काढून देणाऱ्या विद्यार्थ्याला सांगायचं राहिलं. एवढंच झालं होतं.

हे जसंच्या तसं लिहावं असं माझ्या मनानं घेतलं. पण त्या आबांचा शब्द तिनं पाळला होता आणि माझ्याकडून तो मोडला जाऊ नये म्हणून मी खुटबावला गेले. न्हावऱ्यावरून चौफुल्यापर्यंत एसटी, पुढे रिक्षा. खिडकीबाहेर ऊसच ऊस. ती याच सीटांवर बसून जात असणार, असं प्रत्येक थांब्यावर वाटत होतं. वस्ती सापडायला वेळ लागला नाही. घुबडाच्या बाईचं नाव काढताच लोक बोट दाखवत आणि मग बोलणं थांबवत.

आबा म्हातारे आहेत, उंच, कानानं कमी. गोठ्यापुढं खाटेवर बसले होते. मी कोण ते सांगितलं आणि ती गेल्याचंही सांगितलं. त्यांना ते कळलेलं होतं.

"मला बी इचारलं लोकांनी," ते म्हणाले. "विहिरीनं आनखी एक खाल्ली का म्हून. मी बोललो न्हाई कुणाला काय. काय बोलायचं?"

विहीर गोठ्यामागेच होती. काठाला शेंदूर लावलेले साती आसरांचे दगड, आणि त्यावरून घोसाळ्याचा वेल गेलेला. मी डोकावले नाही. मला डोकावायचं होतं, पण पाय पुढं झाले नाहीत.

"परदेशातले लोक विचारतायत की या विहिरीचं काय झालं," मी आबांच्या कानाशी जाऊन सांगितलं. "तुमचं नाव घालणार नाही, गावाचं नाही. एवढंच लिहू का, की घरच्यांनी सांगितलं म्हणून तिनं सगळं परत केलं?"

आबांनी विहिरीकडे मान वळवली. मला वाटलं ऐकू आलं नाही.

"लिवा," ते म्हणाले. "परत आणलं त्ये जरूर लिवा. फडक्यात बांधून आणलं व्हतं तिनं. म्या म्हणलं, टाकून दे वरनं. ती म्हनली, वरनं नगं. पुन्यांदा दोर लावला आन् उतरली. कपारीत ठिवलं. वर आली आन् काठावर हुबी राहिली, आसं हात धरून." त्यांनी दोन्ही तळवे उघडे धरून दाखवले. "कायतरी पुटपुटली. तुमी सांगा बाई, माझी सून गेली तवापासनं त्या काठावर कुनी तिच्यासाठी हात जोडलं न्हवतं. समदी भ्यायची. म्या बी."

परत येताना एसटीत मला रडू आलं. शेजारच्या बाईनं न विचारता पाण्याची बाटली पुढे केली.

घरी येऊन मी संपादकाला लिहिलं. तिच्या खात्यातून नाही, माझ्या. मी कोण, तिच्या लेखाशी माझा संबंध काय, आणि ती आता नाही, हे सांगितलं. दुसऱ्या तज्ज्ञाच्या प्रश्नाचं उत्तरही लिहिलं. ते लिहिताना मी माझी सगळी विद्या बाजूला ठेवली. तिचं रेकॉर्डिंग लावायचं, एक वाक्य ऐकायचं, तेवढंच इंग्रजीत मांडायचं, पुन्हा लावायचं. ती विहिरीत उतरली. तिथं सर्वांत जास्त होतं. त्या विहिरीत त्या घरची एक स्त्री गेली होती. घरच्यांनी हाडं नेऊ नका म्हटलं. तिनं ती परत नेऊन ठेवली. म्हणून आता ती माहिती कुणाकडेच नाही. ठिपका काढायचा असेल तर काढू.

गाइडना दाखवलं. त्यांचा फोन आला. "हसतील आपल्याला, मॅडम," ते म्हणाले. मी म्हटलं, हसू द्या. तेही मग तयार झाले आणि ते फॉर्म्स सगळे त्यांनीच भरले, हे सांगायला हवं.

उत्तराची वाट पाहण्याचे ते दिवस वाईट गेले. दुकानावरून जाणं मी टाळत होते, भाजीला लांबच्या रस्त्यानं जायचे. पेपर नाकारला गेला असता तर त्या माणसाच्या हातात काय उरणार होतं? लोकांचं बोलणं तेवढं.

दुसऱ्या तज्ज्ञाचं उत्तर आलं ते दोन ओळींचं होतं. खुलासा मान्य आहे. ठिपका काढू नये, पोकळ वर्तुळ करावं, आणि लेखिकेनं सांगितलेलं कारण तिच्याच शब्दांत नकाशाखाली छापावं. तो कोण, कुठला, त्याच्या गावात विहिरी असतात का, मला माहीत नाही. ती नावं कधी कळवत नाहीत. आपल्या बाजूलाही एक बिनचेहऱ्याचा माणूस असू शकतो, हे मला त्या दिवशी नवं होतं.

छापून आल्यावर तहसील कचेरीपाशी झेरॉक्सवाल्याकडून रंगीत प्रिंट काढली आणि दुकानात गेले. सकाळची वेळ, अब्बा नुकतं शटर उघडून कापसाच्या गठ्ठ्यावर बसले होते. त्यांनी हात पुसले, मग कागद घेतला. पहिलं नाव त्यांनी ओळखलं. ते बोटानं वाचलं. नावापुढं खंजिरासारखी एक बारीक खूण होती.

"ही काय?"

"ती आता नाही, हे सांगायला असते."

"एवढीशी," ते म्हणाले.

मग त्यांनी पानं उलटली, एकेक, सावकाश. नावापलीकडे त्यांना इंग्रजी येत नाही. शेवटी ते ज्याची मी धास्ती घेतली होती तेच बोलले. "यातलं तिचं कुठलं?"

मी नकाशाचं पान काढलं. ठिपक्यांमध्ये ते पोकळ वर्तुळ होतं. त्याखालच्या ओळींवर बोट ठेवून मी एकेक ओळ मराठीत सांगितली. आणि कागदावर नसलेलंही सांगितलं. ती वरून टाकायला तयार झाली नाही, पुन्हा दोर लावून उतरली. काठावर उभी राहून तिनं त्या परक्या बाईसाठी दुवा मागितली. आबांनी जसे तळवे दाखवले तसे मी दाखवले.

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. कापसाची भुकटी त्यांच्या भुवयांवर बसली होती.

"मंग तिनं आणलं न्हाई काही," ते म्हणाले. "दिऊन आली."

"हो."

त्यांनी कागदाची घडी केली नाही. गादीवर सपाट ठेवला आणि वर हात ठेवला. मग माझ्या पर्सकडे बघून म्हणाले, "फोन हाय का त्यात?"

मी ते रेकॉर्डिंग लावलं. मोहरी तडतडली. ती बोलायला लागली, घाईघाईत, नेहमीसारखी, आणि ते ऐकत राहिले. उठले नाहीत. दुकानाच्या पायरीवर एक बाई उशीचं विचारायला आली, तिला त्यांनी हातानंच थांबवलं. विहीर झाली, आबा झाले, परत नेलेलं झालं, आणि तिनं विचारलं, "मॅडम, ऐकताय ना?"

माझं 'हं' यायच्या आत ते बोलले.

"हां बेटा," ते म्हणाले. "सुन रहा हूँ."